सूनबाईचे नऊ किलो

"ही? पाठीवर नऊ किलो घेऊन वर्षभर जग फिरणार? अगं आई, बाजारातून येताना ही भाजीची पिशवी दोनदा खाली ठेवते. नाताळपर्यंत दोघं घरी आलेली असतील, बघ तू."

हे ज्या स्वयंपाकघरात बोललं गेलं, त्याच्या दारामागे मी खिळ्याला टांगलेला होतो. आणि जिच्याबद्दल बोललं गेलं ती सूनबाई दाराबाहेर, हातात घड्या घातलेल्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन उभी होती. आत तिच्या सासूबाई आणि मोठी नणंद, बाहेर ती, मध्ये मी. खरं तर तिने खोकून आत यायला हवं होतं. ती खोकली नाही. पाय न वाजवता परत गेली आणि घडी घातलेल्याच कपड्यांच्या पुन्हा घड्या घालत बसली.

मी ताणकाटा बोलतोय. ज्याच्या हुकाला पोतं, पिशवी, बोचकं टांगलं की पोटातली स्प्रिंग ताणली जाते आणि सुई वजन सांगते, तो. मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, पण विचारलं की खोटं बोलता येत नाही. हा माझा गुण मानायचा की खोड, हे ज्याच्या त्याच्या सामानावर अवलंबून.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका बाईने माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, तोंडावर पांढरी तबकडी लावली, तिच्यावर शून्य ते पंचवीस आकडे आणि एक लाल सुई. वर कडी, खाली हूक. मग तपासनीस आला. त्याने मला वजनं टांगली, उतरवली, शिक्का मारला. जेवायच्या सुट्टीला पाच मिनिटं राहिली होती, त्यामुळे रिकाम्या काट्याची सुई शून्यावर परत आली की नाही, हे काही त्याने पाहिलं नाही. ती पाव किलो पुढेच थांबली होती. आजही तिथेच थांबते. जन्मखूण म्हणा.

तिथून मी एका पार्सल ऑफिसात आलो. काउंटरवर बाबा, म्हणजे सूनबाईचे सासरे, बसायचे. गोणपाटात शिवलेली पार्सलं यायची, बाबा ती माझ्या हुकाला टांगायचे, मनातल्या मनात पाव किलो वजा करायचे आणि निळ्या खडूने वजन लिहायचे. बावीस वर्षं हे चाललं. तेवढ्या काळात मी माणसांबद्दल एक गोष्ट शिकलो. वजन जास्त भरलं की माणूस विचारतो, "एवढं?" कमी भरलं की विचारतो, "एवढंच?" आपल्या ओझ्याचं खरं वजन कोणालाच पटत नाही. काही जण तर बोलता बोलता पार्सलाखाली हळूच गुडघा लावायचे. बाबा वर न बघता म्हणायचे, "पाय घ्या साहेब, पायाचं भाडं लागत नाही इथे."

पुढे ऑफिसात विजेवर चालणारा काटा आला आणि बाबांच्या निवृत्तीबरोबर मीही निवृत्त झालो. ते मला पिशवीत घालून घरी घेऊन आले.

"ही अडगळ कशाला आणलीत?" आईंनी विचारलं.

"बावीस वर्षं साथ दिलीय त्याने."

"मी तीस दिली. मला नाही कोणी एवढं पुसूनबिसून ठेवलं."

शेवटी मला स्वयंपाकघराच्या दारामागे खिळा मिळाला. दोन महिन्यांतून एकदा रद्दी माझ्या हुकाला लागायची, बाकी काळ आईंचं ओलं हातपुसणं. धूळ बसली. कडी गंजली. दार उघडलं की मी भिंतीवर आपटायचो आणि आई म्हणायच्या, "मेला अजून जिवंत आहे."

मग सूनबाई आली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होती, मोजायच्या वस्तूंशीच तिचा दिवसभर संबंध. बोलायची कमी. घरात आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने दार लोटलं, मला पाहिलं, फडक्याने पुसलं आणि गुडघे जरासे वाकवून डोळे बरोबर माझ्या सुईच्या रेषेत आणले. माझ्याकडे असं सरळ कोणी पाहिलंच नव्हतं.

"बाबा, हा रिकामा असतानाच पाव किलो दाखवतोय."

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "बावीस वर्षांत हे मला सांगणारी तू पहिली," ते म्हणाले. त्या दिवसापासून सूनबाई त्यांची लाडकी झाली. आणि माझीही.

बाबा आपल्या मुलाला चिरंजीव म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. चिरंजीव लिफ्ट दुरुस्त करायचे. लोकांना वरखाली पाठवता पाठवता आपण तळमजल्यावरच राहिलो, असं त्यांना वाटू लागलं होतं. लग्नाला पाच महिने झाले तेव्हा दोघांनी ठरवलं की नोकऱ्या सोडायच्या, पाठीला सॅक लावायची आणि एक वर्ष जग बघायचं. घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोललं नाही. तिसऱ्या दिवशी ताई माहेरी आल्या आणि ते नाताळचं वाक्य बोलून गेल्या.

त्याच दुपारी आईंनी चिरंजीवांना स्वयंपाकघरात बोलावलं. हे मात्र सूनबाईने ऐकलं नाही. मी ऐकलं.

"हे बघ, तिची चण लहान. तिच्यातलं थोडं थोडं तूच उचलत जा. पण तिला कळू देऊ नकोस, उगाच मनाला लावून घेईल."

"बरं," चिरंजीव म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की मला जरा खटकलंच.

निघायच्या आदल्या सकाळी दोन्ही सॅक माझ्या हुकाला लागल्या. त्यांची अकरा किलो, तिची नऊ. तिचे नऊ तिने स्वतः निवडले होते. जादा बूट, छोटी गॅसची शेगडी, औषधांचा डबा, जाड वही, कानटोपी. एकेक वस्तू हातात घेऊन, नाक मुरडून, पुन्हा आत ठेवून. शेवटी बाबांनी मला खिळ्यावरून काढलं आणि तिच्या हातात दिलं.

चिरंजीव हसले. "वजन वाचवायला अर्धा किलोचा काटा?"

"चष्म्यालाही वजन असतं," बाबा म्हणाले. "तू काय चाचपडत फिरतोस का?"

अशा रीतीने या वयात मी परदेशी निघालो.

पहिल्याच मुक्कामी, सकाळी ती अंघोळीला गेली तशी चिरंजीवांनी तिची सॅक उघडली. जादा बूट काढले आणि आपल्या सॅकच्या तळाशी घातले. दुसऱ्या आठवड्यात शेगडी गेली. मग औषधांचा डबा. संध्याकाळी मुक्कामाला पोचलं की म्हणायचे, "तू बस गं, सामान मी काढतो." तिला वाटायचं, काय गुणाचा नवरा मिळालाय. शेजारपाजारच्या खाटांवरच्या बायकाही कौतुकाने बघायच्या. मी त्यांच्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यात पडून सगळं बघत होतो, आणि मला कोणी काही विचारत नव्हतं.

विमान पकडायचं असलं की विचारायचे, पण तेही चिरंजीवच. तिची सॅक टांगायचे, माझी तबकडी स्वतःकडे वळवायचे आणि ओरडायचे, "नऊ!" मी सात दाखवत असायचो. पुढे साडेसहा. तरी "नऊ!" बावीस वर्षं इमानाने काढलेल्या काट्याच्या तोंडावर. पार्सलाला गुडघा लावणारे निदान ओशाळायचे तरी.

नोव्हेंबरात एका बसथांब्यावर तिने तिच्या आईला फोन केला. "आई, खरं सांगते, नऊ किलो आता जाणवतसुद्धा नाहीत मला. खांदे तयार झालेत माझे. तू बघच!" तिचा चेहरा उजळला होता. चिरंजीव शेजारी वाकून बुटाची नाडी बांधत होते. ती बांधून झाली, तरी ते वर आले नाहीत.

डिसेंबरात ते समुद्रकाठच्या, चढावर वसलेल्या एका गावात पोचले. खोली उंचावर होती आणि रस्त्यापासून तिथवर चौसष्ट दगडी पायऱ्या. नाताळला दोन दिवस होते. चाळिसाव्या पायरीवर चिरंजीवांच्या तोंडून "आई गं" निघालं आणि ते तिथेच बसले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, हाताच्या खुणांनी समजावलं की हिंडाफिरायला हरकत नाही, पण तीन आठवडे काही उचलायचं नाही. काही म्हणजे काहीही नाही. घरमालकीण पूर्वी बस चालवायची, तिचे दंड चांगलेच भरदार. तिनेच दोन्ही सॅक वर आणून दिल्या. दुसऱ्या दिवशी बिस्किटांची बशी आणि किल्ल्या टेबलावर ठेवून ती लेकाकडे गेली. गाव बंद झालं.

नाताळच्या सकाळी ताईंचा निरोप आला, की अठ्ठाविसाच्या विमानात दोन जागा धरून ठेवल्यात, दुपारी फोन करते, तोवर काय ते ठरवा. चिरंजीव जमिनीवर उताणे पडले होते, पाठीला तीच काय ती बरी वाटत होती.

"हो म्हणून टाकू का?" ते छताला म्हणाले. "तू एकटी दोघांचं सामान कशी उचलणार?"

"आधी सामान किती आहे ते तरी बघू दे," ती म्हणाली.

खिडकीच्या चौकटीला एक जुना हूक होता. तिने मला कप्प्यातून काढलं, त्या हुकात अडकवलं आणि आधी स्वतःची सॅक टांगली. चार महिन्यांत मला पहिल्यांदाच खरं विचारलं गेलं. मी सांगितलं, पावणेसहा.

"पाव वजा," ती पुटपुटली. "साडेपाच?"

तिला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलं. मला वाईट वाटलं, पण ती लगेच थांबली. "थकलेली स्प्रिंग जास्त दाखवते," ती स्वतःशीच म्हणाली. "हा कमी दाखवतोय." तिने एक लिटरची पाण्याची बाटली काठोकाठ भरली आणि माझ्या हुकाला लावली. सव्वा. पाव वजा, एक. मी ठीक होतो. एवढ्या मोठ्या जगात तिने माझी बाजू तपासून घेतली, हे मी विसरणार नाही.

मग तिने चिरंजीवांची सॅक दोन्ही हातांनी ओढत आणली आणि कशीबशी टांगली. पावणेपंधरा. तिने ती खाली घेतली, उघडली आणि हात थेट तळाशी घातला.

"माझे बूट तुझ्या सॅकमध्ये काय करतायत?"

"तुझ्यात मावत नव्हते म्हणून..."

"माझ्या सॅकमध्ये अख्खा तू मावशील एवढी जागा आहे. आणि ही शेगडी? हा डबा? कधीपासून?"

ते छताकडे बघत राहिले. उताणं पडलेल्या माणसाला दुसरीकडे बघायची सोय नसते. "पहिल्या दिवसापासून."

"आणि विमानतळावर नऊ नऊ म्हणून ओरडायचास, ते?"

"आई म्हणाली होती, तिला कळू देऊ नकोस."

"त्यांनी तुला सांगितलं. तुला काय वाटत होतं?"

ते म्हणाले, "मला भीती वाटत होती गं. तू एकदा जरी म्हणाली असतीस, की जड होतंय, परत जाऊ, तर मला परत जावं लागलं असतं. मला जायचं नव्हतं. म्हणून म्हटलं, तुला जड वाटूच द्यायचं नाही."

"म्हणजे माझ्यासाठी नव्हतंच ते."

"थोडं तुझ्यासाठी होतं."

"किती थोडं? किलोत सांग."

त्यांना हसू आलं आणि पाठीत कळ गेली. "हसवू नकोस ना."

"मी हसवत नाहीये." ती खाली बसली. बूट अजून हातातच होते. "माझ्या आईला फोनवर काय सांगितलं होतं मी? शेजारीच होतास. तेव्हा तरी बोलायचंस."

बाहेर घंटा वाजत होत्या, समोरच्या घरातून हसण्याचा आवाज येत होता. त्या खोलीतला वीस किलोचा पसारा जमिनीवर पडला होता आणि त्याच्या मध्ये ती दोघं.

"चुकलं माझं," ते शेवटी म्हणाले. "ताईला हो म्हणू. घरी जाऊ."

"चुकलं तुझं," ती म्हणाली, "मग घरी मी का जाऊ?"

ती उठली. दोन्ही सॅक पार रिकाम्या करून तिने दोन ढीग केले. रोज लागतं ते एकीकडे, कधीतरी लागेल ते दुसरीकडे. चिरंजीवांचे पाने-पकडी दुसऱ्या ढिगात गेले. ते म्हणाले, "अगं, कुठे लिफ्ट बंद पडली तर?" ती म्हणाली, "जिन्याने जाऊ." तिचे जादा बूट, जाड वही, दोघांचे जादा स्वेटर, सगळं त्याच ढिगात. ते घरमालकिणीकडे ठेवायचं. उरलेलं एकाच सॅकमध्ये भरलं. माणसं दोन, सॅक एक. पाव वजा जाता तेरा किलो.

ती सॅक पाठीला लावून ती बाहेर पडली. खिडकीतून मला पायऱ्या दिसत होत्या. खाली उतरली, वळली आणि चढू लागली. रस्त्यावर कोणी नव्हतं, फक्त कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा. त्यांनी टोपी उचलून तिला नमस्कार केला. विसाव्या पायरीवर ती बसली. मग चार पायऱ्या आणि पुन्हा बसली. वर आली तेव्हा तोंड लाल झालं होतं. तिने शेगडी काढली, कोरडा खाऊ काढला. बारा किलो. पुन्हा गेली. या वेळी एक्केचाळीस पायऱ्या. आजोबा कुत्र्यासकट थांबून बघू लागले.

"पुरे कर," चिरंजीव म्हणाले. "मला बघवत नाही."

"छताकडे बघ."

तिने पंचा काढला, एक पँट काढली. मग तिची नजर माझ्यावर गेली. मी बाजूच्या कप्प्यात जाणार होतो. अर्धा किलो. तिने मला हातात घेतलं, तबकडीवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा खिडकीच्या हुकाला अडकवलं. मी समजलो. खरं वजन सांगणाऱ्याने स्वतःचंही सांगायला हवं.

अकरा किलो. चौसष्ट पायऱ्या. ती हळू चढली, कठड्याला धरत चढली, पण खाली बसली नाही. वर पोचली तेव्हा त्या आजोबांनी हातमोजे घातलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. कुत्रा भुंकला. तिने मागे वळून पहिल्यांदा हसून हात हलवला.

हे सगळं मी त्याच खिडकीतून सांगतोय. दोन वर्षं होत आली. पाठीवर सॅक लावलेली माणसं येतात, घरमालकीण माझ्याकडे बोट दाखवते, ते सॅक टांगतात. जगातल्या सगळ्या भाषांत "एवढं?" कसं म्हणतात ते मला आता येतं. समुद्राच्या हवेने कडी पुन्हा गंजलीय, सुई मात्र आपल्या जागी, पाव किलो पुढे. माझं मागणं एवढंच आहे, की जोडीने येणाऱ्यांनी तबकडी दोघांना दिसेल अशी धरावी. दुसऱ्याचं ओझं जरूर उचलावं, पण आकडा मोठ्याने वाचावा, आणि खरा वाचावा.

त्या दुपारच्या फोनचं मात्र सांगायचं राहिलं. पडद्यावर बाबा, आई आणि ताई मिळून दीडच चेहरा दिसत होता.

"जागा धरून ठेवल्यात, आता फक्त हो म्हणा," ताई म्हणाल्या. "कोणी नावं ठेवणार नाही तुम्हाला."

"खूप झालं गं पोरी," आई म्हणाल्या. "त्याची पाठ गेली, तुझी तर काय दशा झाली असेल!"

"आई, ऐक," चिरंजीव जमिनीवरून म्हणाले, "चूक माझी आहे, मी तिचं..."

"मी बोलते," सूनबाई म्हणाली. तिने सॅक माझ्या हुकाला लावली आणि फोन माझ्यासमोर धरला. "बाबा, वाचा."

बाबांनी चष्मा चढवला. "अकरा."

"सव्वाअकरा दिसतंय की," ताई म्हणाल्या.

"अकरा," बाबा ठासून म्हणाले. "कोणाची सॅक?"

"दोघांची. एकच केलीय. बाबा, काटा इथेच ठेवतेय, चालेल ना? अर्धा किलो आहे."

बाबा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "ठेव," ते म्हणाले. "तिथल्या लोकांनाही कळू दे."

"अगं पण उचलणार कोण ते?" आईंनी विचारलं.

तिने फोन स्वतःकडे वळवला. तिचा आवाज, त्या घरात मी कधी ऐकला नव्हता इतका, स्वच्छ होता.

"मी. ताई, त्या जागा सोडून द्या. आम्ही अठ्ठाविसाच्या बसने पुढे जातोय. आई, तुम्ही ह्याला गुपचूप सांगितलंत ते मायेनेच, कळतंय मला. पण मला किती पेलतं ते यापुढे मलाच विचारा. जड झालं तर जड झालं म्हणेन, लाजणार नाही. आज अकरा किलो घेऊन एकदाच वर आले, धाप लागली, पाय लटपटले. अजून नीट जमत नाही, पण तीन दिवस आहेत. आता ठेवते. उजेड आहे तोवर आणखी दोनदा चढून यायचंय मला."